घरची शेड

माझं आयुष्य ‘शेड पास’ या दोन शब्दांत गेलं. डोंबिवली एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये मी ३१ वर्षं शेड मॅचिंग केलं. पार्टीकडून बोटभर चिंधी यायची, ती स्टँडर्ड. आम्ही तसा रंग बनवायचा, तुकडा रंगवायचा, वाळवायचा, स्टँडर्डला चिकटवून धरायचा आणि सांगायचं, लालीवर गेलाय, पिवळटीवर गेलाय, डल आहे. नाहीतर पास. माझी सही झाल्याशिवाय बॅच मशीनवर चढत नसे.

त्यामुळे निवृत्तीनंतर घराला रंग काढायचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, आयुष्यभर लोकांच्या शेड पास केल्यात, आता घरची करा.” मी केली. ती फेल गेली. कशी गेली आणि मग कुणाकुणाच्या मदतीनं सावरली, ते सांगतो. रंग काढणाऱ्या प्रत्येक घरात थोड्याफार फरकानं हेच होतं, असं आता माझं मत झालं आहे.

आमची इमारत १९९६ सालची, आम्ही तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. हॉल १४ बाय ११ फुटांचा, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. खिडकीसमोर पूर्वी दोन मजली बुटकी इमारत होती. तिचा पुनर्विकास होऊन सात मजले झाले, आमच्यापासून जेमतेम १५ फुटांवर. तिला बिल्डरनं गाजरी रंग दिला आहे. हा गाजरी रंग लक्षात ठेवा, तो पुढे घरात येणार आहे.

रंग निवडायला दुसऱ्याची मदत घ्यायची ही कल्पनाच मला पटत नव्हती. लालबागच्या चाळीत माझं बालपण गेलं, तिथे निवड नावाचा प्रकार नव्हता. दिवाळीच्या आधी पिंपात कळीचा चुना भिजायचा, खदखदायचा, आम्हा पोरांना त्याच्या जवळ जाऊ देत नसत. त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. चुना किंचित पिवळट असतो, नीळ तो पिवळेपणा मारते आणि भिंत होती त्याहून पांढरी दिसते. माझं रंगशास्त्राचं पहिलं शिक्षण ते. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात हातात ब्रश घेतलेल्या, कपाळावर केसांची बट आलेल्या गट्टूचं, रंगाच्या जाहिरातीतल्या त्या पोराचं, चित्र होतं. १९५४ साली ते आर. के. लक्ष्मण यांनी काढलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या दुकानात डिस्टेंपर मिळायचं, पण आमच्या लेखी रंग चारच: पिस्ता, गुलाबी, आकाशी आणि पिवळा. ज्याच्या घराला जो असेल तो असायचा. कुणी डोकं धरून बसलेलं आठवत नाही.

आता दुकानदार शेडकार्डाचा पंखा उघडतो, तर त्यात हजाराहून जास्त छटा. पूर्वी एवढे रंग दुकानात ठेवणंच शक्य नव्हतं. मशीन आलं आणि ते शक्य झालं. दुकानात असतात ते फक्त बेस, म्हणजे पांढरा रंग, किंवा गडद छटांसाठी पांढरी पूड कमी असलेला जवळजवळ पारदर्शक रंग. छटेचा नंबर टाकला की मशीन दहा-बारा मूळ रंगांच्या पिचकाऱ्यांतून ठरावीक थेंब सोडतं आणि दुसरं यंत्र डबा गदागदा हलवतं. आमच्या लॅबमधल्या कामाचंच हे धाकटं भावंड. ते बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की माझी सावधगिरीच सुटली.

मी गेलो तो जून महिना होता. बाहेर भरून आलेलं, दुकानात पांढऱ्याफेक ट्यूब. मी एक राखाडी काढला, निळसर झाक असलेला, शांत. पंख्यावरचा तुकडा घरी आणून खिडकीशी धरला. झकास. नंबर लिहून घेतला. पावसात काम काढायचं नव्हतंच. भिंत ओली असताना रंग दिला तर पुढच्या वर्षी पोपडे धरतात आणि खार फुटतो. गणपती, नवरात्र होऊ दिलं आणि ऑक्टोबरात पेंटर लावले.

पेंटर जालन्याकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. तीन दिवस घासकाम आणि पट्टी. चौथ्या दिवशी प्रायमर. दुपारी जेवून ते भिंतीला टेकून बसले होते. मी डबा आणला, झाकणावरचा रंगाचा ठिपका त्यांनी पाहिला आणि विचारलं, “काका, हा ह्याच खोलीला?”

म्हटलं, “हो. का?”

“नाही, ही खोली दुपारची लाल होते म्हणून विचारलं.”

मी हसलो. २८ वर्षं मी त्या खोलीत राहतो आहे. पेंटर काही बोलले नाहीत, रोलर भिजवला.

पहिला हात संध्याकाळपर्यंत वाळला. रात्री ट्यूब लावली आणि आम्ही सगळे गप्प बसलो. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, दुसरा हात होऊ दे, सकाळी बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बघितलं, तर निळसर राखाडी कुठेच नव्हता. भिंत मळकट दिसत होती, धुणं भिजवलेल्या पाण्यासारखी. आईचं वय ८६. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. तिनं एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा झाकला, आणि म्हणाली, “अरे, या डोळ्यानं निळी दिसते आणि या डोळ्यानं शेणानं सारवल्यासारखी. तू नक्की कोणता दिलायस?”

हा प्रश्न मला ३१ वर्षांत कुठल्याही पार्टीनं इतका नेमका विचारला नव्हता.

आधी पेंटर म्हणाले ते खोलीचं लाल होणं. त्या दिवशी मी खिडकीत उभा राहिलो. समोरच्या सात मजल्यांची आमच्याकडची भिंत दक्षिणेला तोंड करून आहे. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ऊन आमच्या गच्चीवरून त्या भिंतीवर पडत होतं आणि अख्खी भिंत गाजरी दिव्यासारखी पेटली होती. तो उजेड आमच्या एकुलत्या एक खिडकीतून आत येत होता. मग जूनमध्ये हे का दिसलं नाही? तर आपल्याकडे मेच्या मध्याच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला दिवसभर थेट ऊन लागतच नाही, आणि वर ढग. मी शेड पास केली ती वर्षातल्या नेमक्या त्या दिवसांत, ज्या दिवसांत समोरची भिंत विझलेली असते. पेंटरांना हे तीन दिवसांत दिसलं, कारण ते दिवसभर भिंतीकडे बघत होते. आम्ही २८ वर्षं टीव्हीकडे बघत होतो.

लाज वाटायचं कारण निराळं. लॅबमध्ये मी कुठलाही तुकडा एका उजेडात कधीच पास केला नाही. आमच्याकडे लाइट बॉक्स होता, पेटीसारखा, आतून राखाडी. त्यात तीन दिवे: डी ६५, म्हणजे दिवसाचा उजेड; टीएल ८४, म्हणजे दुकानातली ट्यूब; आणि साधा पिवळा बल्ब. दोन तुकडे पहिल्या दिव्यात सख्खे भाऊ दिसतात आणि तिसऱ्यात एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. याला मेटामेरिझम म्हणतात. शर्ट-पँटची जोडी दुकानात जुळते आणि रस्त्यावर आलं की बिनसते, ती यामुळे. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, ‘रंग कसा आहे’ हा प्रश्नच अर्धा आहे, ‘कुठल्या उजेडात’ हा उरलेला अर्धा. आणि घरी मी अर्ध्या प्रश्नावर डबा घेऊन आलो.

आता आईचे डोळे. आपल्या डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवू लागतं. हे इतकं हळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. मेंदू सांभाळून घेतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि जग अचानक निळं-पांढरं होतं. आईचा एक डोळा नवा आणि एक जुना होता, म्हणजे तिच्याकडे दोन लाइट बॉक्स होते. त्यावरून मला स्वतःची आठवण झाली. लॅबमध्ये मॅचिंगवाल्यांची दर वर्षी डोळ्यांची परीक्षा व्हायची. नाव ‘हंड्रेड ह्यू’, पण बटणं ८५, चार लाकडी खोक्यांत. ती छटांच्या क्रमानं लावायची. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं माझी निळ्या-हिरव्याच्या खोक्यातली बटणं मागंपुढं होत होती. मी ते थकव्यावर ढकललं. म्हणजे दुकानात जो ‘किंचित निळसर’ राखाडी मी निवडला, तो माझ्या पिवळ्या भिंगातून किंचित होता. माझ्या सुनेच्या तिशीतल्या डोळ्यांना तो चक्क निळा दिसला होता. तिनं जूनमध्येच फोटो बघून तसं म्हटलं होतं, आणि मी म्हटलं होतं, “फोटोत तसं दिसतं.”

फोटोचं मात्र माझं चूक नव्हतं. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मतानं उजेड सुधारतो. पिवळ्या दिव्यातली खोली तो पांढरी करू बघतो, निळसर सावली उबदार करतो. रंग कंपन्यांच्या ॲपमध्ये खोलीचा फोटो टाकून भिंत रंगवून बघता येते. गडद हवा की फिका, एकच भिंत वेगळी केली तर बरी दिसते का, एवढ्यापुरतं ते कामाचं आहे. पण पडदा स्वतः उजेड फेकतो आणि भिंत मिळेल तो उजेड परत देते. त्यामुळे पडद्यावर बघून नंबर ठरवू नये.

मशीनवर बनवलेला डबा दुकानदार परत घेत नाही. चार लिटरमधला निम्मा उरला, तो पुढे माळ्याला आणि कपाटांच्या आतून लावला. पण हॉलचं काय, यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं परस्पर एका कंपनीच्या कलर कन्सल्टंटला बोलावलं.

पंचविशीतली मुलगी आली, हातात टॅब, पाठीवर सॅकमध्ये मोठाले नमुने. माझा तिच्यावर राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. तिनं सुरुवातीला एक भिंत टेक्श्चरची करूया म्हणून पाहिलं, त्यात कंपनीचा फायदा असणारच. पण नंतर तिनं जो प्रश्न विचारला, त्यासाठी तिला पैकीच्या पैकी. म्हणाली, “सर, या खोलीतलं काय काय बदलणार नाहीये?”

आम्ही यादी केली. जमिनीची फिकट पिवळसर टाइल. तपकिरी सोफा. लग्नातलं सागवानी शोकेस, ज्याला हात लावायची परवानगी नाही. पडदे बदलतील. समोरची गाजरी इमारत बदलणार नाही. ती म्हणाली, “मग हे सगळं स्टँडर्ड समजा आणि भिंत त्याला मॅच करा.” ती स्टँडर्ड हा शब्द सहज बोलून गेली. मी तिला चहा दिला.

आपण उलटं करतो. आधी भिंतीचा रंग प्रेमात पडून ठरवतो आणि मग सोफा त्याच्याशी भांडू लागतो. खरं तर हजारो छटांत मिळतो तो रंगच, सोफा आणि टाइल नव्हे. रंग शेवटी ठरवावा.

शेजारच्या रंगानं रंग बदलतो, याची एक गोष्ट आमच्या धंद्यातले लोक आवडीनं सांगतात. पॅरिसला गोबलँ नावाचा राजाश्रयाचा गालिच्यांचा आणि भिंतपटांचा कारखाना होता. १८२४ साली तिथल्या रंगशाळेवर शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी होत नाही, निळ्या-जांभळ्या कापडाच्या चुण्यांमधल्या सावल्या फिक्या दिसतात. त्यांनी लोकर तपासली. ती इतर कुठल्याही लोकरीइतकीच काळी होती. दोष होता शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्याचा. त्यातून त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. माणूस १०२ वर्षं जगला. काळ्या रंगाची तक्रार आली की आमचे साहेब म्हणायचे, आधी शेजारी बघ.

मग बायकोची पाळी. ती मालवणची. एवढे दिवस मी तिला मत विचारलं होतं ते ‘हा की हा’ अशा पद्धतीनं, आणि ती म्हणायची, “तुम्हाला कळतं ना, तुम्ही ठरवा.” आता मी पंखा मिटला आणि विचारलं, “तुला भिंत कशी हवी? रंगाचं नाव सांगू नकोस.”

ती म्हणाली, “पेजेसारखी.”

उकड्या तांदळाची पेज. पांढरी नाही, पिवळी नाही, लालसर तर नाहीच नाही, आणि तरी या सगळ्याचा एकेक थेंब तिच्यात आहे. मला इतकी चोख सूचना इंग्रजी नावांच्या पंख्यात कुठे सापडली नसती. आपल्या बायका साड्यांच्या दुकानात आमसुली, चिंतामणी, श्रीखंडी, अबोली, मोतिया, शेवाळी असं बोलतात आणि दुकानदार बिनचूक तेच ठाण काढतो. त्याच बायका रंगाच्या दुकानात गेल्या की गप्प होतात, कारण तिथे सगळं चंद्रप्रकाश आणि समुद्रवाऱ्याच्या इंग्रजी नावांनी विकलं जातं. त्या नावांना अर्थ नसतो. बोलताना आपले शब्द वापरावेत आणि लिहून घेताना फक्त नंबर.

पेजेचं भाषांतर आता माझं काम. पांढऱ्याच्या जवळचे रंग निवडायला सगळ्यात अवघड, कारण दुकानात सगळे पांढरेच दिसतात आणि घरी आल्यावर कुणी गुलाबी निघतो, कुणी हिरवा. यावर एक साधी युक्ती आहे. पंख्याच्या पट्टीवर वरून खाली तीच जात गडद होत जाते. आपल्याला वरचा फिका हवा असला तरी नजर खालच्या गडदावर टाकायची, तिथे त्याचं कूळ कळतं. दुसरं, तुकडा छपाईच्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवायचा, लपलेली झाक लगेच बाहेर येते. समोरून गाजरी उजेड येणार, म्हणून मी गुलाबी कुळातले सगळे बाद केले आणि किंचित हिरवट पिवळ्या कुळातले तीन ठेवले. गाजरीनं त्यांना थोडं लालीवर ढकललं की ते पेजेवर येतील, असा हिशेब.

उजेड परत देण्याचाही एक आकडा असतो, एलआरव्ही. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, शंभर म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. माझ्या राखाडीचा ४८ होता. एका खिडकीच्या हॉलमध्ये मी निम्म्याहून जास्त उजेड भिंतींना खायला घालत होतो. नव्या तिन्हींचा सत्तरच्या पुढचा.

मग तिन्हींचे २०० मिलीचे डबे आणले. इथे पेंटरांनी मला अडवलं. मी भिंतीवरच तीन चौकोन काढायला निघालो होतो. ते म्हणाले, “काका, राखाडीवर काढला की तो पिवळाच दिसणार.” शेव्ह्रलसाहेबांना पंधरा वर्षं लागली, हे गृहस्थ एका वाक्यात सांगून मोकळे. मग कार्डशीट आणले, प्रत्येकावर दोन हात दिले आणि कडेनं चार बोटं पांढरी किनार सोडली. ओल्या रंगावर मत द्यायचं नाही, हा आमच्या लॅबचा नियम इथेही लागू. चुना ओला असताना दिसत नाही आणि वाळला की पांढरा होतो. हल्लीच्या इमल्शनचं उलट आहे. त्यातलं बांधणारं द्रव्य ओलं असताना दुधासारखं असतं, वाळताना पारदर्शक होतं, आणि म्हणून रंग वाळल्यावर थोडा गडद उतरतो.

तीन शीट चार दिवस घरभर फिरले. सोफ्यामागे, शोकेसशेजारी, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे उजेड तिरका येतो. नेहमी उभे धरायचे, टेबलावर आडवे ठेवून बघायचे नाहीत, कारण भिंत आडवी नसते. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी आणि नंतर. कोपऱ्यात दोन शीट काटकोनात धरून बघायला मी शिकलो, ते या वयात. तिथे एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो आणि दोन्ही गडद होतात. चारी भिंती एकमेकींना असंच रंगवत असतात, म्हणून तुकड्यावर फिका वाटलेला रंग खोलीभर जड होतो. शंका असेल तर पट्टीवर एक घर वर सरकावं. कापडात हा प्रश्न कधी आला नाही. साडी नेसणारी साडीच्या आत असते खरी, पण बघणारा बाहेर असतो. खोलीत बघणाराच आत असतो.

रात्रीचा दवाखाना मात्र रंगानं बरा होईना. तो ट्यूबचा दोष होता. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्व्हिनचे एलईडी लागले आहेत, कारण ते जास्त ‘लख्ख’ वाटतात. तो निळसर पांढरा उजेड आहे. जुन्या बल्बसारखा पिवळा हवा तर २७०० ते ३०००. आईला पेपर वाचायला लख्ख हवं, बायकोला पेज पेजच दिसायला हवी. आम्ही ४०००वर तडजोड केली आणि आईच्या खुर्चीशेजारी वेगळा दिवा दिला. डब्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. रंग बदलण्याआधी दिवा बदलून बघायला हवा होता, हे बायकोनं एकदाच म्हटलं.

अंतिम निवड तिघींनी केली. मी मत दिलं नाही, असं माझं म्हणणं. बायकोच्या मते मी दर वेळी मधल्या शीटशेजारी जाऊन उभा राहायचो. आईनं दोन्ही डोळ्यांनी मधला पास केला. उजव्यानं दूध, डाव्यानं साय. सूनबाईनं व्हिडिओवर बघायला नकार दिला आणि रविवारी ठाण्याहून प्रत्यक्ष आली. तिनंच एक गोष्ट सुचवली जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती: आजींच्या बाथरूमची चौकट आणि दिव्यांच्या बटणांमागची पट्टी भिंतीपेक्षा पुष्कळ गडद करा. म्हाताऱ्या डोळ्यांना रंगातला फरक कमी कळतो, गडद-फिक्यातला जास्त. आता आई रात्री चाचपडत नाही. त्या चौकटीचा रंग आमसुली.

दारं घासताना मात्र मी पेंटरांना थांबवलं, एवढीच त्या घरातली माझी निर्विवाद कामगिरी. दारांवरचा ऑइलपेंट १९९६ सालचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या रंगात किती असेल त्याचा भरवसा नाही, आणि कोरडं घासलं की ती धूळ घरभर होते. पाणी मारून घासायला लावलं, मास्क आणून दिले, नातवाला दोन दिवस येऊ दिलं नाही. पेंटर म्हणाले, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग मधल्या शीटच्या त्या रंगाचा भिंतीवर एक हात जास्त लागला, राखाडी दाबायला, त्याचे पैसे त्यांनी धरले नाहीत.

हॉल झाला त्याला वर्ष होत आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी भिंत पेजेची होते, पावसाळ्यात जरा हिरवटीवर जाते, ते मला एकट्याला दिसतं. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता ती म्हणते साय गेली, दोन्हीकडे दूधच आहे, पण चालेल.

गेल्या आठवड्यात समोरच्या सात मजल्यांना बांबूची परांची लागली. बाहेरून रंग काढायचा आहे. त्यांचे सेक्रेटरी संध्याकाळी आमच्याकडे आले, हातात तीन शेडकार्ड. म्हणाले, “तुम्ही रंगातले ना काका? आमच्याकडे सभासदांत एकमत होत नाहीये. जरा सांगता का कुठला द्यावा?”

माझा यात किती स्वार्थ आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. कार्डं हातात घेतली. एक विटकरी, एक पोपटी आणि एक अगदी फिकट, मातकट पांढरा. खोलीत ४००० केल्व्हिनचा दिवा होता. मी कार्डं मिटून परत दिली आणि म्हटलं, “आत्ता नको. उद्या बाराला तुमच्या गच्चीवर येतो. तिन्ही उन्हात बघू.”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “आणि आमच्या हॉलमधूनही बघायला या म्हणावं.”